डावं बटण

"रडू नकोस बाबा," आप्पा म्हणाले. "कोणी कोणाला दुःख देत नसतं. ज्याचं त्याने बरोबर आणलेलं असतं."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर दोघं बसले होते. आत आप्पांचा मुलगा होता. अंगाने काडीसारखा, म्हणून कारखान्यात त्याला सगळे पैलवान म्हणत. सकाळी त्याच्या डाव्या हाताची बोटं पत्रा ठोकायच्या प्रेसखाली सापडली होती. त्यातली किती वाचतात, ते डॉक्टर बाहेर आल्यावरच कळणार होतं. त्याला इथे उचलून आणणारा सेटर, म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवून मशीन जुळवून देणारा, आल्यापासून हमसून हमसून रडत होता. आप्पांना वाटत होतं, दोस्तासाठी रडतोय. ते खरं होतं, पण अर्धंच.

त्या प्रेसला दोन बटणं होती, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे तेवढा वेळ दोन्ही हात साच्याबाहेर. पण अशाने काम रेंगाळतं. म्हणून सेटरने डाव्या बटणात लाकडाची बारीक पाचर ठोकली होती. ते कायमचं दाबलेलं राहिलं आणि पैलवानाचा डावा हात पत्रा सरकवायला मोकळा झाला. तपासणीच्या साहेबांना दिसू नये म्हणून पाचर वरून तासून सारखीही केली होती. पैलवान खूश होता. काम लवकर उरकायचं, घरी लवकर जायचं. आज सकाळपर्यंत सगळं कसं छान चाललं होतं.

"मागच्या जन्मीचं असतं हे," आप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "प्रारब्ध भोगूनच संपतं. तू कशाला जिवाला लावून घेतोस? उलट त्याला वेळेवर आणलंस, तुला पुण्यच लागेल."

सेटरने डोळे पुसले. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली. पण लाज हळूहळू मागे पडत गेली. मागच्या जन्मीचं. या जन्मातलं नाही, आणि लाकडाचं तर नाहीच नाही.

पैलवानाची बायको दाराला लागून उभी होती. ती अजून रडली नव्हती. तिला पुढचं दिसत होतं.

"भावोजी, यांच्या जागी कोणाला बसवलंय? नोकरी जायची नाही ना यांची?"

"छे हो वहिनी. मघाशी फोन आला होता, आजच्यापुरतं पॅकिंगमधल्या मावशींना बसवलंय. माल संध्याकाळी जायचाय, म्हणून मालकांनी मशीन पुसून लगेच चालू केली."

तो सहज बोलून गेला आणि मग त्याला पाचर आठवली. मावशींना पाचरेचं ठाऊक नव्हतं. त्या दोन्ही बटणं दाबणार, आणि दोन्ही दाबल्याशिवाय काही होत नाही अशा भरवशावर राहणार. डाव्या हाताने पत्रा सरळ करताना उजवा हात सहज बटणावर टेकला, की झालं.

"मशीन चांगली आहे ना आता?" वहिनीने विचारलं.

सेटर रुमालाची घडी घालू लागला.

"चांगली असो की वाईट," आप्पा म्हणाले, "त्या बाईच्या नशिबात असेल तसं..."

"आप्पा, जरा थांबा."

आप्पांना मधेच थांबवण्याची त्या घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. वहिनी सेटरसमोर येऊन उभी राहिली.

"मी एवढंच विचारतेय भावोजी. मशीन चांगली आहे का?"

हो म्हटलं की सुटला असता. नोकरी राहिली असती, दोस्ती राहिली असती, आप्पांचा पाठीवरचा हात राहिला असता. सेटरने उठून खिशातून फोन काढला.

कारखान्यातल्या वॉचमनने उचलला. मागे प्रेसचा आवाज येत होता, धाड, धाड.

"मावशींची मशीन बंद कर. मेन स्विच पाड, आत्ता."

"मालक मला फाडून खातील. कारण काय सांगू?"

सेटरने आप्पांकडे पाहिलं नाही. "डाव्या बटणात पाचर आहे. मी ठोकलीय. माझं नाव सांग, पण आधी पळ."

वॉचमन फोन घेऊनच पळाला. धाड. परत धाड. मग एकदम काहीच नाही. ना मशीन, ना माणूस. वहिनीने बाकाची पाठ घट्ट धरली. सेटर फोन कानात रुतवून उभा होता.

"पाडला स्विच," वॉचमन धापा टाकत म्हणाला. "मावशी विचारतायत, मग जेवून घेऊ का?"

सेटरने फोन खाली केला.

"म्हणजे सकाळीही हेच," वहिनी म्हणाली.

"हो."

पैलवानाला पाचरेचं ठाऊक होतं, त्यानेही हो म्हटलं होतं, हे सेटरच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळून टाकलं. वहिनी पुन्हा दारापाशी गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आप्पा," सेटर म्हणाला, "बोला काहीतरी."

आप्पा बाकावर कडेला सरकले. शेजारी एका माणसाची जागा झाली. ती बस म्हणून होती की लांब राहा म्हणून, हे सेटरला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. तो उभाच राहिला.