सुई कोणत्या हातात?

"सुई कोणत्या हातात आहे, बाई?"

सौंदर्यसरांनी लाकडी पट्टी पडद्यावर टेकवली. कॉलेजात सगळे त्यांना याच नावाने ओळखत, अर्थात पाठीमागे. पडद्यावरच्या चित्रात एक बाई खिडकीशी बसून शिवत होती. सुई तिच्या डाव्या हातात होती, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

"उजव्या," समोर बसलेली शिवणवाली म्हणाली.

बाहेरून आलेले परीक्षक बिस्किट चघळायचे थांबले. तोंडी परीक्षेत त्यांची झोप मोडावी असं सहसा काही घडत नसे.

"पुन्हा बघा."

"बघितलं, सर. पडद्यावर डावा दिसतो. पण बायकांच्या सदऱ्याला बटणं डाव्या अंगाला असतात. हिची उजवीकडे आलीत. मी वीस वर्षं गणवेश शिवते, सर. स्लाइडच उलटी छापली असणार."

सर हसले. सरांना चित्रं बघण्यापेक्षा चित्रांवर बोलायची हौस दांडगी. या एका चित्रावर ते एकोणीस वर्षं बोलत होते. डाव्या हाताने शिवणारी बाई म्हणजे चित्रकाराने रूढीविरुद्ध पुकारलेलं बंड, असं त्यांचं चाळीस पानांचं प्रकरण कलेतिहासाच्या अभ्यासक्रमाला लागलेलं होतं. मूळ चित्र लांबच्या एका संग्रहालयात होतं. तिथे जाऊन ते बघावं असं सरांना कधी वाटलं नाही. चाळीस पानं तर घरी बसूनच झाली होती!

"गणवेश शिवणं वेगळं आणि सौंदर्यशास्त्र वेगळं," सर म्हणाले आणि गुणांच्या रकान्यात त्यांनी शून्य काढलं. बाहेरच्या परीक्षकांनी कागद न वाचताच सही ठोकली. बिस्किटाचा चुरा मात्र नीट झटकला.

शिवणवाली बेचाळीस वर्षांची होती. जवळच्या शाळेत ती तात्पुरती चित्रकला शिकवायची, उरलेल्या वेळात थोरल्या बहिणीबरोबर गणवेश शिवायची. हा अभ्यासक्रम पास झाली तर शाळा तिला कायम करणार होती. परीक्षेला दोनदाच बसता येत होतं, आणि त्यातली एक खेप आता वाया गेली होती.

"कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?" मशीन न थांबवता ताई कडाडली.

"पण ताई, ती बटणं..."

"बटणं गेली खड्ड्यात! अडला हरी गाढवाचे पाय धरी. ते डावा म्हणतात ना? मग डावा. पुढच्या वर्षी आपटलीस तर शाळा दुसरी बाई बघेल, आणि तू बस जन्मभर काजं करत."

शिवणवालीला रात्रभर स्वतःची लाज वाटली. सकाळी तिने प्रकरण पाठ करायला घेतलं.

वर्षभर ती सरांच्या तासाला पहिल्या बाकावर बसली. सर "बंड" म्हणाले की मान डोलवायची, "अबोध मन" म्हणाले की वहीत उतरवायचं. सर खूश. बाईंना उशिरा का होईना अक्कल आली, असं त्यांनी भर वर्गात सांगितलं. पोरं फिदीफिदी हसली, त्यांच्याबरोबर तीही हसली. घरी काजं करता करता ती पानं म्हणून दाखवायची आणि ताई पुस्तक उघडून चुका काढायची.

परीक्षेआधी महिनाभर सर कुठल्याशा परिसंवादाला गेले. तास बुडाले म्हणून बाकीच्यांनी सिनेमे पाहिले. शिवणवालीने तिसरी उजळणी संपवली.

परीक्षेच्या दिवशी पडद्यावर तेच चित्र होतं. बाहेरचे परीक्षक तेच, बिस्किटं नवीन. सरांची मुद्रा कधी नव्हे ती प्रसन्न होती.

"सुई कोणत्या हातात, बाई?"

"डाव्या, सर."

"खात्री आहे?"

"हो, सर. डावाच."

"का बरं?"

ती बोलू लागली. बंड, रूढी, अबोध मन, खिडकीतून येणारा उजेड. कुठेही अडखळली नाही. सरांनी एकदाही तिला मध्ये अडवलं नाही. बाहेरचे परीक्षक चक्क जागे राहिले. शेवटचं वाक्य संपवून तिने श्वास घेतला, तेव्हा गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.

"झालं?" सरांनी पेनाचं टोपण काढलं. "परिसंवादाला गेलो होतो, तेव्हा मूळ चित्र बघून आलो. सुई उजव्या हातात आहे. आपली स्लाइड उलटी छापलेली आहे. बटणांवरून माझ्या ते चटकन लक्षात आलं. जुनं प्रकरण रद्द करून मी नवं लिहायला घेतलंय."

शिवणवालीने पडद्यावरच्या बटणांकडे पाहिलं.

"नुसती घोकंपट्टी करून कला कळत नाही, बाई. चित्राकडे जरा डोळे उघडून बघायला शिका," सर म्हणाले, आणि त्यांनी शून्य काढलं.