पाण्याआधी गूळ

"जानकीबाईचं पानी सुटलं होऽऽ!"

बंधाऱ्याकडून उत्तरेश्वरची हाळी आली, तशी जानकीबाईने पाहुण्यांपुढे गुळाचे दोन खडे ठेवले आणि ती चुलीकडे वळली. पाण्याच्या मोजणीला आलेले सरकारी अमीन कय्युमसाहेब बोटं रुमालाला पुसून गूळ चघळू लागले. शेजारी बसलेल्या त्रिंबक पाटलांनीही आपला खडा तोंडात टाकला. गूळ संपला. पाण्याचा तांब्या काही आला नाही.

"वैनी, गुळामागं पानी असतंय," पाटील म्हणाले.

"सोडलंय की भावजी. आत्ताच हाळी झाली न्हवं? आलं की देते."

"घागरीतलं द्या की तवर."

"घागर पालथी हाय."

घागर खरंच चुलीजवळ पालथी पडली होती.

अमीनसाहेब नुसते हसले. त्यांचं काम सरलं होतं, म्हणून ते खुशीत होते. या गावात पाणी वाटायची रीत जुनी. बंधाऱ्याच्या तोंडाशी घंगाळात भोकाची तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली, की उत्तरेश्वर थाळी वाजवणार. प्रत्येक घराला चार थाळ्या पाणी. साहेबांनी चार दिवस बंधाऱ्यावर बसून खिशातल्या घड्याळाशी वाटी ताडून पाहिली, ती अस्सल निघाली. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आज वहीवर शिक्का बसला की वही बीडला जाणार होती आणि पुढची दहा वर्षं इथलं पाणी त्या वहीच्या हुकमाने वाहणार होतं. जानकीबाईचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला, तिथे पाणी पोचायलाच अर्धीअधिक पाळी सरायची. गहू पोटरीत आला होता. चार दिवस ती हेच सांगत होती. पण मोजणी चालली होती वर, अर्धा कोस लांब. म्हणून आज तिने साहेबांना शेतावर जेवायला बोलावलं होतं.

लांबून पहिली थाळी वाजली.

जानकीबाईने पत्रावळी मांडल्या. ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर दह्याचा गोळा. सकाळपासून पाटाच्या काठाने फिरलेल्या अमीनसाहेबांच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत चिखल वाळला होता.

"बाई, हात धोने को तरी..."

"येतंय साहेब. तुमच्या वहीत तर कवाच पोचलंय म्हनं."

पाटलांना ठसका लागला. त्यांचं शेत बंधाऱ्याला लागूनच. पाट फोडला की पाणी थेट उसात. ते घाईने म्हणाले, "साहेब, वर पाट बंद केला तरी मागचं पानी हिलाच मिळतंय की. भरपाई व्हती."

"व्हती की," जानकीबाई भाकरी थापत म्हणाली. "वाटंत कुनी वळवून घेतलं न्हाई तर."

वाटेत कोण वळवून घेतं हे तिने सांगितलं नाही. पाटीलही आभाळाकडे बघू लागले.

दुसरी थाळी वाजली. भाकरी निवली. पाटील उठले. "थांबा साहेब, माझ्या हिरीवरनं तांब्या घिऊन येतो."

"बैठो, पाटील."

अमीनसाहेब आता हसत नव्हते. ते स्वतःच उठून कोरड्या पाटाच्या काठी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी घड्याळ काढलं. घसा कोरडा, पोट रिकामं, ऊन डोक्यावर. जानकीबाई चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. दारात आलेल्याला आधी पाणी, मग बाकी सगळं, हे तिला आईने चालायच्या आधी शिकवलं होतं. साहेबांच्या सुकलेल्या ओठांकडे बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण ती उठली नाही.

तिसरी थाळी वाजायच्या बेतात पाणी आलं. पिकली पानं पुढे ढकलत, भेगाभेगांत थांबत, रमतगमत आलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग पाण्यात हात घातले, तोंडावर दोन हबके मारले आणि ओल्या हातानेच पेन्सिल धरली.

"हाळी से सव्वा घंटा," ते म्हणाले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. "पाणी ज्याच्या त्याच्या बांधाला लागल्यावर वाटी सोडावी. तोवर घटका धरू नये."

"आन मग माजी पाळी लांबली म्हंजे?" पाटील कळवळले.

"पाटील, तुमच्याकडं गूळ इरघळायच्या आधी पानी येतंय. थोडा सबर करो."

साहेबांनी परत सतरंजीवर बसून पिशवीतून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि वहीवर तो असा दाबला की मांडीखालची सतरंजीही हलली. पाटलांनी सुस्कारा सोडून पाटात हात धुतले. भूक कुणाला चुकली आहे?

जानकीबाई उठली. लगबगीने गव्हात शिरली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली, काठोकाठ भरलेली दुसरी घागर कमरेवर घेऊन बाहेर आली. चालताना पाणी हिंदकळून तिच्या पदरावर सांडत होतं.

पाटलांचा घास तोंडापाशीच राहिला. "आगं माय! ही कवाधरनं हुती?"

"सकाळधरनं."

अमीनसाहेबांनी घागरीकडे पाहिलं, मग वहीवरच्या ओल्या शिक्क्याकडे पाहिलं. तिने थंडगार पाण्याचा तांब्या भरून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"ह्ये पाटाचं न्हाई साहेब," ती म्हणाली. "ह्ये पाव्हन्याचं हाय. घ्या."