पुढचा पाय

"ताई, आपण दोघी नवशिक्यांच्या वर्गातच नाव घालू या ना?" धाकटीनं लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं.

"घाल की. आपल्याला दुसरं येतंय काय?" थोरली म्हणाली, आणि हसू लपवायला तिनं चहाचा कप तोंडाला लावला.

धाकटीच्या स्वयंपाकघरात दोघी बहिणी बसल्या होत्या. दोन्ही घरांची मिळून बर्फाच्या डोंगरातली सुट्टी ठरत होती. नवरे आणि मुलं स्कीवर जाणार, बहिणी स्नोबोर्डवर, म्हणजे एकाच फळीवर आडवं उभं राहून, एक पाय पुढे ठेवून घसरायचं. हॉटेल धाकटीनं निवडलं, खोल्या धाकटीनं निवडल्या, आणि डोंगर दिसणारी खोली ताईला देऊन मोठेपणाही धाकटीनंच घेतला. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती फक्त "कशाला गं" एवढंच म्हणाली.

हा हेवा जुना होता. लहानपणी थोरली दोन उन्हाळे पोहण्याच्या तलावाचा कठडा धरून पाय झाडत राहिली. धाकटी एका दुपारी आली, तिनं उडी मारली आणि ती पोहायलाच लागली. बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या थोरलीला आजही ऐकू यायच्या, शाळेत मुलांना फळ्यावर गणित शिकवतानासुद्धा. धाकटीला सगळं आयतं मिळतं, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नव्हती. आत्ताचा चहादेखील धाकटीच्या नवऱ्यानं न सांगता करून दिला होता. थोरलीच्या नवऱ्याला साखरेचा डबा कुठे असतो, हे दर वेळी दाखवावं लागायचं.

म्हणून या खेपेला तिनं गुपचूप बेत केला होता. शहराबाहेर एका भल्यामोठ्या शेडमध्ये बारा महिने बर्फाचा उतार करून ठेवलेला होता. दर गुरुवारी शाळा सुटली की ती तिथं जायची. घरी सांगायची, पालकसभा आहे. "तुमच्या पालकांना दुसरे उद्योग नाहीत का?" नवरा विचारायचा. तिकडे ही बाई पोरासोरांच्या रांगेत उभी राहून बोर्डवर चढायची आणि सपशेल आपटायची. "गुडघे वाकवा, बाई, गुडघे!" शिकवणारा ओरडायचा. ती रडकुंडीला यायची, पुन्हा चढायची. हल्ली कुठे ती उभ्यानं तळापर्यंत पोचू लागली होती.

डोंगरावर पहिल्याच दिवशी धाकटी सगळ्यांसमोर बर्फात लोळेल आणि आपण तिच्या शेजारून सरळ खाली जाऊ, हे चित्र ती रोज झोपण्याआधी पाहायची. कोणी विचारलंच, तर काय म्हणायचं तेही ठरलं होतं. "अगं, काय माहीत! जमलं आपोआप." हे 'आपोआप' तिला जन्मात एकदा तरी म्हणायचं होतं.

"बोर्ड भाड्यानं मिळणार आहेत," धाकटी म्हणाली. "तुझा कुठला पाय पुढे राहतो, ते आधी कळवायला हवं."

"मला काय ठाऊक? मी कधी उभी राहिलेय त्याच्यावर?" थोरली साळसूदपणे म्हणाली आणि कप विसळायला उठली.

धाकटी हळूच मागून आली आणि तिनं ताईच्या पाठीत दोन्ही हातांनी धक्का दिला. नकळत ढकललं की जो पाय आधी पडतो, तो पुढचा. त्यासाठीची ही साधी युक्ती. दुसरी कुणी असती तर धडपडली असती. थोरली धडपडली नाही. तिचा डावा पाय पुढे सरकला, गुडघे वाकले, दोन्ही हात बाजूंना पसरले, मान डाव्या खांद्यावरून वळली आणि नजर थेट फ्रिजवर जाऊन थांबली. एका हातात कप होता. तोही पडला नाही.

ती तशीच उभी राहिली. तिचे कान तापले. इतके गुरुवार, इतक्या थापा, सगळं मुसळ केरात गेलं. आता ही हसणार, नवऱ्याला हाक मारणार, आणि प्रत्येक समारंभात हा किस्सा चवीचवीनं सांगणार. लाजेपेक्षा तिला रागच जास्त आला. एवढी एक गोष्टसुद्धा हिनं आपल्याकडे राहू दिली नाही.

धाकटी हसली नाही. तिनं ताईच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग पावलांकडे. मग तिनं स्वेटरची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला होता.

"मी मंगळवारी जाते," ती म्हणाली. "घरी सांगते, शिवणाचा क्लास आहे."

"पण तू कशाला?" थोरलीनं विचारलं.

"तुझ्यासमोर पडायची भीती वाटते, ताई. लहानपणापासून."