निळ्या दाराची माळ

"काळा मणी एकबी नको," सरजाबाई म्हणाल्या.

सुकन्यानं सुई थांबवली. मण्यांच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा होता. त्यावरच्या फोटोत एक अंगण होतं. निळं दार, दारापुढं वाळत घातलेली हळद, केळीची पानं आणि कडेला कुणाच्या तरी विटकरी शर्टाची बाही. गिऱ्हाइकानं फोटो द्यायचा आणि तिनं त्यातले रंग माळेत उतरवायचे, ही तिच्या कामाची रीत. काळ्याशिवाय निळा उठत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"काळे मणी नवरा बांधील. तू बाकीचं बघ."

सासूबाईंपुढं तिनं वाद वाढवला नाही. माळा पोचवायचं काम त्यांचंच होतं, आणि ही ऑर्डरही कंधारहून त्यांनीच आणली होती. नवरीची माळ सुकन्या पहिल्यांदाच करत होती. तिचा नवरा दयानंद वारल्यापासून धाकटा दीर भागवत काही ना काही निमित्त काढून विचारायचा, वहिनी माहेरी औशाला कधी जाणार? ही माळ जमली तर लग्नसराईची कामं मिळाली असती. मग त्याला तोंडावर सांगता आलं असतं, की मी या घरात माझ्या कमाईवर राहते.

त्यामुळं ती हट्टाला पेटली होती. निळ्या मण्यांसाठी तिनं लातूरची सगळी दुकानं पालथी घातली. एकदा ओवलेली माळ सरजाबाईंनी तशीच परत केली.

"दार इतकं फिकं न्हाई."

"तुम्ही बघितलंय का, आत्या?"

"फोटो बघूनच बोलायले मी."

तिनं माळ उसवली आणि पुन्हा ओवली. बाहीचा विटकरी रंग तिनं सोडून दिला होता. तो मधोमध घे, असं सरजाबाईंनी बजावलं. नवरीच्या गळ्याचं माप मागितलं, तर म्हणाल्या, "तुझ्याच गळ्यावर धर. पोरगी तुझ्याच अंगाची हाय."

दयानंदनंतर सुकन्यानं गळ्यात साधा दोराही घातला नव्हता. तिनं माळ धरली, खूण केली आणि लगेच उतरवली.

रविवारी दोघी बसनं कंधारला निघाल्या. काही कमी-जास्त झालं तर तिथंच दुरुस्त करता यावं, म्हणून सुकन्यानं सुई-तार बरोबर घेतली होती.

फोटोतलं दार समोर आलं तसा तिनं पिशवीतला एक सुटा मणी काढून दाराला लावला. रंगात रंग मिसळला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

दार उघडलं. विटकरी शर्टातल्या माणसानं "या काकू" म्हणत ओट्यावर सतरंजी टाकली. त्यानं सुकन्याला पाण्याचा तांब्या दिला. मग तो मान खाली घालून आत गेला.

अंगणात मांडव नव्हता. पाहुणे नव्हते. घरात बाईमाणसाची चाहूलही लागत नव्हती.

"आत्या, नवरी कुठंय?"

सरजाबाईंनी डबीतून माळ काढली, सुकन्याच्या गळ्यात घातली आणि मागं जाऊन हूक लावला.

"माणूस पसंत असल तर गळ्यात ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "नसल तर काढ. शेवटच्या बसनं दोघीबी आपल्या घरी जाऊ."