आतली कडी

नातीच्या बेडरूममधल्या तिरक्या कोपऱ्यात इंदूताईंची कॉट होती. सुनेनं त्या कोपऱ्याला आडोसा घालून दार बसवायला सुतार बोलावला, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारीला अडगळीसारखं झाकून टाकायचं, दुसरं काय!

बिजागरीचं दार कॉटला अडलं असतं, म्हणून सुनेनं सरकतं निवडलं. "कडी कुठून लावू?" सुतारानं विचारलं. इंदूताईंनी कान टवकारले.

"आतून. बाहेरून काहीच नको," सून म्हणाली.

तरी त्यांची खात्री पटेना. दार बसल्यावर त्यांनी आतून कडी घातली, दोनदा ओढून पाहिली. जरा वेळानं सुनेनं बाहेरून टकटक केली.

"आई, आत येऊ का?"

पन्नास वर्षांच्या संसारात असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "थांब जरा," त्या म्हणाल्या, आणि पाय पसरून मुद्दामच बसून राहिल्या.