शाळेने खात्री केली आहे

"मधली चौकट रिकामी का ठेवलीस?" बू विनार्सिहनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, विचारलं.

फळ्याशी उभी असलेली निकेन मार्करचं टोपण काढत-घालत राहिली. दहावीचा वर्ग फळ्याकडे बघत होता.

गृहपाठ बूंनीच दिला होता. गावात फिरलेला एखादा मेसेज घ्या, तुम्हाला कोणी पाठवला ते घरोघर विचारा, आणि असं विचारत मागे मागे जात प्रत्येक नाव चौकटीत लिहून बाणांनी जोडा. मुलं पुराची नाहीतर फुकट तांदळाची अफवा आणतील, असं त्यांना वाटलं होतं. निकेनच्या गटाने चिलोकवाल्या म्हाताऱ्यावरचा मेसेज आणला.

कार्सिदीकाका, म्हणजे पाक कार्सिदी, सायकलला पातेलं बांधून शाळेच्या फाटकाशी चिलोक विकायचे. वाफाळलेले पिठाचे गोळे, वर शेंगदाण्याची पातळ चटणी. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा फोटो घरोघरच्या फोनवर पोचला, खाली लिहिलेलं: हा म्हातारा गोळ्यांत विषारी टाकणखार घालतो, ते खाऊन एक मुलगी दवाखान्यात आहे. दुसऱ्या दिवशी दोघा पालकांनी त्यांचं पातेलं गटारात उपडं केलं. तिसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. अशी कुठलीच मुलगी दवाखान्यात नव्हती, हे पुढे शिक्षकांच्या खोलीत कळलं. पण तोवर मेसेज शिळा झाला होता.

"रिकामी नाहीये, बू, सोडलीय," मागच्या बाकावरून हरिस म्हणाला. "आईने बजावलंय, ते नाव फळ्यावर लिहायचं नाही म्हणून."

"तोंड आवर ना जरा!" निकेन त्याच्यावर फिस्कारली. मग बूंकडे न बघता तिने फळ्यावर बोट ठेवलं. "हे चौकटीच्या आधीचे मेसेज. नऊ मिळाले. हे नंतरचे, एक्केचाळीस. मजकूर तोच आहे. फक्त नंतरच्या सगळ्यांत शेवटी एक वाक्य जास्त आहे."

"कोणतं?" बूंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"'शाळेने खात्री केली आहे.'"

मेसेज फिरला त्या संध्याकाळी बू भांडी घासत होत्या. मेसेज आला तसा ओल्या हातानेच त्यांनी पालकांच्या ग्रुपवर पुढे ढकलला. नुसत्या मेसेजकडे पालक ढुंकून बघत नाहीत, म्हणून खाली ते वाक्य जोडलं. काळजीपोटीच जोडलं. खात्री कोणीच केली नव्हती. पातेलं उपडं झाल्याचं कळल्यावर त्यांनी मेसेज पुसून टाकला, आणि पाठवणाऱ्या पन्नासांतली मी एक, अशी आठ महिने मनाची समजूत घालत राहिल्या. आता फळ्यावर नऊ बाण त्या चौकटीत येत होते आणि एक्केचाळीस बाहेर पडत होते.

"दे तो मार्कर."

त्यांनी चौकटीत आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, याचीसुद्धा त्यांना लाज वाटली.

"आता आमचे मार्क जाणार का, बू?" हरिसने हळूच विचारलं.

"नाही रे." त्यांनी मार्कर खाली ठेवला. "पाक कार्सिदी हल्ली कुठे असतात, कुणाला माहीत आहे?"

"नदीपलीकडे, कौलांच्या भट्टीवर," निकेन म्हणाली. "चिखल तुडवतात."

शाळा सुटल्यावर बू स्कूटरवरून थेट भट्टीवर गेल्या. वाटेत त्यांनी दोन वाक्यं घोकली होती. कोणी मुलगी आजारी नव्हती, हे पहिलं. ती खात्री मी लिहिली होती, हे दुसरं.

पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले पाक कार्सिदी खड्ड्यातून बाहेर आले. त्यांनी बूंना ओळखलं, लगबगीने प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तळहाताने पुसली, आणि त्या बसायच्या आधीच विचारलं,

"ती मुलगी वाचली ना, बू?"

बू खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या.

"टाकणखार मी कधी हातातही धरला नाही, खुदाशपथ. पण त्या आठवड्यात पीठ नव्या दुकानातून आणलं होतं. त्यातच काही असलं तर? आधी मला वाटलं, लोक उगाच बोलतायत. मग कळलं, शाळेने खात्री केलीय. म्हटलं, संपलं. आपल्या हातचं खाऊन कुणाचं तरी लेकरू पडलंय." त्यांनी पायावरचा चिखल नखाने खरवडला. "नमाजानंतर रोज तिच्यासाठी दुवा मागतो. नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतं 'ती मुलगी' म्हणतो."

"कोणी मुलगीच नव्हती, पाक," बू म्हणाल्या. "तुमचं खाऊन कुणीच आजारी पडलं नव्हतं. कुणीच नाही."

पाक कार्सिदी तिथेच ओल्या मातीत बसले. मग झोपडीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली.

"अगं, ऐकलंस का! ती मुलगी आजारी नव्हतीच! कुणीच नव्हतं!"

"हे आता नवीन कोण सांगतंय?" आतून बायकोने खेकसून विचारलं.

"पाक, ते वाक्य..." बूंनी सुरुवात केली.

पण पाक कार्सिदींचं लक्ष नव्हतं. चिखलाच्या हाताने डोळे पुसता पुसता त्यांनी सगळं तोंड बरबटवून घेतलं होतं, आणि ते हसत होते.

"शाळेतल्या बू स्वतः सांगायला आल्यात!" ते ओरडले. "मग खोटं कसं असेल?"