कलकत्त्याची पुस्तकं

त्रेचाळीस साली लढाईवर गेलेल्या मानसिंगचं शेवटचं पत्र कलकत्त्याहून आलं. मग त्याची बायको शालूबाई म्हसवडच्या वाचनालयातून त्या शहरावरची पुस्तकं आणू लागली.

एका कादंबरीत कपाळावर खोक असलेला एक शिपाई भर बाजारात विचारत होता, “म्हसवडला कसं जायचं?” खोक मानसिंगचीच होती. शालूबाई हरखली.

लढाईआधी छापलेल्या आठवणींच्या पुस्तकातही तो तेच विचारत होता. आता त्याला एक पाय नव्हता.

शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासात तो नदीच्या घाटावर पडला होता, नि लोक त्याला ओलांडून जात होते.

शालूबाई भर दुपारी पुस्तकावर ओणवी होऊन ओरडली, “आवं, मी हितं हाय!”

तिनं पान उलटलं. शिपायानं मान वर केली होती.

“कोण हाक मारतंय?” लोकांनी त्याला विचारलं.

“कुणी न्हाई,” तो म्हणाला. “माजी शालू कवाच मेली.”